पेटी या शब्दाचा अर्थ

मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम एक लाख रुपये. हजर पाच जण: आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, सोसायटीचं ऑफिस सांभाळणारे परब, आणि दुसऱ्या मजल्यावरचे ते. ते कमिटीत नव्हते. एका शब्दाचा अर्थ सांगायला त्यांना बोलावलं होतं.

त्यांनी नेहमीसारखा चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "वरचा अर्थ सोडा. आतला बघा."

तुमच्याही इमारतीत असं कोणी असेल, शब्द अडला की ज्याच्याकडे जायचं. आमच्याकडे ते होते. चौतीस वर्षं कोर्टात भाषांतरकार. साक्षीदाराचा "घोडा" म्हणजे पिस्तूल, "पेटी" म्हणजे लाख, "खोका" म्हणजे कोटी, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी अशा शब्दांची वही सुरू केली. शब्द, कोणी उच्चारला, कुठे, अर्थ: चार रकाने. रकाने मीच आखून दिले होते, त्यामुळे वहीवर माझाही थोडा जीव होता.

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून ते पोरांना थांबवत.

"विषय हार्ड? म्हणजे नक्की काय?"

"एकदम भारी, काका."

ते "अवघड प्रश्न" खोडून "उत्कृष्ट" लिहीत. "आणि ते, लोड घेऊ नको?"

"ते तर तुम्हालाच आहे, काका. लोड घेऊ नका."

तेही वहीत गेलं, बोलणाऱ्याच्या नावासकट.

परब त्यांना मालवणी शब्द पुरवत. एकेचाळीस दिले; मी मोजले आहेत. "गजाल" या एका शब्दावर दोघांनी अर्धा तास घातला होता.

"गजाल म्हणजे गप्पाच ना?"

"गप्पा उभ्याने पण होतात, साहेब. गजालीक बसूचा लागता."

"मग बसा," म्हणत त्यांनी परबांसाठी खुर्ची ओढली होती.

एकदा सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या मुलाचा फोटो आला आणि खाली कोणीतरी लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." ते पांढरा सदरा घालून दोन मजले चढले. दार त्याच मुलाने उघडलं, तोंडात बटाटावडा. दुसऱ्या दिवशी त्याचा गणिताचा पेपर होता, एवढीच ती श्रद्धांजली. आम्ही महिनाभर हसलो. तेही हसले. पण त्या दिवसापासून वरच्या अर्थावरचा त्यांचा विश्वास उडाला.

त्या शनिवारचा मेसेज परबांनी बायकोला पाठवायचा तो चुकून ग्रुपवर टाकला होता: "कॉन्ट्रॅक्टरची एक पेटी पोचली. दुसरी सोमवारी. सोसायटीत कोणाक बोला नको." आमच्याकडे तेव्हा रंगकाम चाललं होतं. कॉन्ट्रॅक्टरची बिलं परबांच्याच हातून माझ्याकडे येत.

"आंब्याची पेटी, साहेब," परब म्हणाले. "घरच्या कलमाचे. ऑफिसात आंबे विकू नका असं कमिटीने सांगितलेलं, म्हणून तसं लिहिलं."

ते हसले. वाईट हसले नाहीत; जुना ओळखीचा शब्द भेटल्यासारखे हसले. "परब, चौतीस वर्षं ऐकलं मी. कोर्टात सगळ्यांच्या पेटीत आंबेच असायचे."

आम्ही सगळे हसलो. मीही.

"कॉन्ट्रॅक्टरला विचारा ना," परब म्हणाले.

"देणारा कधी कबूल करतो का?"

परबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांत त्यांच्या हिशोबात मला एक रुपयाचा फरक सापडला नव्हता. मी खाली बघून मिनिट्स लिहिले: पेटी, म्हणजे रुपये एक लाख. नऊ दिवसांचा पगार रोखून परबांना काढलं. कॉन्ट्रॅक्टर मध्येच बदलला तर ॲडव्हान्स बुडाला असता, म्हणून त्याला ठेवलं.

परबांनी आसपासच्या तीन सोसायट्यांत काम मागितलं. तिन्हीकडून चौकशीचा फोन मलाच आला. मिनिट्समध्ये होतं तेवढंच मी सांगितलं.

पावसामुळे थांबलेलं रंगकाम दसऱ्याच्या सुमारास संपलं. शेवटचं बिल घेऊन कॉन्ट्रॅक्टर आला आणि म्हणाला, "परब दिसत नाहीत? आंबे एक नंबर होते. दुसरी पेटी आलीच नाही, आणि पहिलीचे अठराशे माझ्याकडेच राहिलेत." त्याने फोटो दाखवला. त्याची मुलगी लाकडी पेटीवर बसली होती. फळीवर परबांच्या अक्षरात त्यांच्या गावाचं नाव होतं. तारीख मेसेजच्याच दिवसाची.

मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलं होतं त्याने. साध्या मराठीत सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत परबांकडे गेलो. परबांच्या बायकोने दार उघडलं. आत कॉटवर कोणीतरी कूस बदलली. बाहेर कोणी आलं नाही.

"बोलणत नाय ते," ती म्हणाली. "मेपासून खाली उतरूक नाय. चाळीत पोरा पेटीवाले म्हणतत."

माझ्याबरोबर आलेल्या त्यांनी खिशातून जाड पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. आपल्या ठेवीतून आणलेले एक लाख होते.

"ह्या काय?"

चौतीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द सांगणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडे वळून बघितलं. मीच रक्कम सांगितली.

"म्हणजे एक पेटी," ती म्हणाली. "ती घेतली तर तुमचाच खरा होतला. आमचा जा काय ता द्या. बाकी नको."

टेकडी उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. पुढल्या जनरल बॉडीत मी मिनिट्स दुरुस्त केले आणि तिन्ही सोसायट्यांना पत्रं लिहिली. एकीचंही उत्तर आलं नाही.

ते पुन्हा बाकावर बसले नाहीत. मार्चमध्ये मुलीकडे राहायला गेले. जाताना वही माझ्या दारात ठेवून गेले. "पेटी"च्या ओळीत चौथा रकाना खोडलेला आहे. त्याजागी काही लिहिलेलं नाही. पोरं आता नवे शब्द मला सांगायला येतात. म्हणजे काय, असं मी विचारत नाही.

पावती माझ्या फाइलमध्ये आहे. नऊ दिवसांचा पगार पाच हजार चारशे. कॉन्ट्रॅक्टरकडून आलेले, एका पेटीचे, अठराशे. एकूण सात हजार दोनशे रुपये परबांच्या पत्नीला रोख दिले. सही तिची आहे.