केराबाईची उन्हातली फुलं

केराबाईला वेडी म्हणणाऱ्यांत पहिला मी. होटगीच्या पुढच्या एका लहान स्टेशनात मी तारबाबू होतो, आणि मॅट्रिक झाल्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. केराबाई धनगराची विधवा, स्टेशनात रोजंदारीवर पाणी भरायची. फलाटाजवळच्या वाफ्यात गुलाब लावून दोन माळी थकले होते. उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरायच्या. ती स्टेशनमास्तरांना म्हणाली, वाफा मला द्या. मास्तरांनी दिला, पण अट घातली. मे महिन्यात मोठे साहेब तपासणीला येतील तेव्हा वाफा फुललेला असेल तर माळीण म्हणून कायमची नोकरी; नसेल तर पाण्याचं कामही दुसऱ्याला.

तिनं काळी माती उपसली, मुरूम आणि वाळू भरली, वर शेळ्यांच्या लेंड्या. त्यात चिनी गुलाबाच्या बोटभर काड्या खोचल्या. मी म्हटलं, आटोपलं. पण एप्रिलात, खडी पायाला भाजत असताना, वाफा लाल, पिवळा, राणी रंगाचा होऊन गेला. मी तर हरखूनच गेलो. गाडीतले लोक माना बाहेर काढून बघायचे आणि मी बाजूला असा उभा राहायचो, जशी काही बाग माझीच.

तपासणीच्या दोन दिवस आधी केराबाईला लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. जाताना मला बजावून गेली, "काय बी करू नका. पाणी बी नगं." पण मला राहवेल तर ना. पारा एकशेदहावर गेलेला, मला फुलांची दया आली. हमालाला हाताशी घेऊन मी वाफ्यावर गोणपाटाचा झकास मांडव घातला.

तपासणीच्या दिवशी नऊ वाजता बघतो तर एक फूल उघडं नाही. सगळ्या कळ्या मिटलेल्या. तेवढ्यात अक्कलकोटकडच्या पॅसेंजरमधून केराबाई उतरली, आणि होटगीहून साहेबांची स्पेशल सुटल्याची घंटा झाली.

"ह्ये कुणी केलं?"

"मी. सावली व्हावी म्हणून."

तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. "ऊन लागल्याबिगर ही उघडत न्हाईत," एवढंच म्हणत ती मांडवाला भिडली. मीही टोपी फेकून दोऱ्या तोडू लागलो. मेला मांडव मी नको इतका पक्का बांधला होता. शेवटचं गोणपाट खाली आलं आणि स्पेशल फलाटाला लागली.

इंजिनाला पाणी भरायला अर्धा तास लागणार होता. साहेबांनी हिरव्यागार वाफ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तरांची मान खाली. साहेबांशी आपण होऊन बोलायची माझी पहिलीच वेळ. चूक माझी आहे, बाईची नाही, आधी दप्तर तपासून घ्यावं, असं मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. साहेब आत गेले.

आम्ही दोघं वाफ्याशी उकिडवे बसलो. स्वतःच्या निकालाचीही मी इतक्या उतावीळपणे वाट पाहिली नव्हती. कोपऱ्यातली एक पिवळी पाकळी हलली. मग एक लाल.

"ती बगा," केराबाई पुटपुटली. "ती बगा की."

बघता बघता ओळीच्या ओळी उघडत गेल्या. साहेब बाहेर आले तेव्हा वाफा गच्च फुलला होता. गाडीची शिट्टी होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. केराबाई कायम झाली, आणि आनंदानं माझेच डोळे भरून आले.

दुपारी मी तारघरात घामाघूम होऊन बसलो होतो. एकाएकी टेबलावरचं ऊन गेलं. पाहतो तर केराबाई माझ्या खिडकीवर तेच गोणपाट बांधत होती, चांगलं ओलं करून.

"सावली तुमाला लागती, तारबाबू," ती म्हणाली. "त्यास्नी न्हाय."