मासळीचं पाणी

शेजारच्या तुळसाबाईच्या मांजरांनी चिंतामणराव त्रिलोकेकरांना नुसता वात आणला होता. गिरगावातली त्यांची बाग टीचभर, पण मेली रोज गुलाबाची मुळं उकरायची.

"भाऊ, तुम्ही मासळी धुतलेलं पाणी झाडांना घालता, त्या वासानं येतात," तुळसाबाई म्हणाली.

"खत आहे ते! मला शिकवू नकोस!"

एके सकाळी रावांनी मांजरं पोत्यात भरून ससून डॉकवर सोडली.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि त्यात तुळसाबाईचा एकुलता एक मुलगा धर्मा गेला. तेराव्यानंतर ती कुंपणाशी आली.

"भाऊ, माझ्या धर्माची मांजरं दिसली का हो? घर खायला उठतं."

"नाही," राव म्हणाले.

तेव्हापासून ते मासळीचं पाणी दुप्पट घालतात आणि रोज सकाळी मांजरांनी उकरलेली माती शोधतात. गुलाब मात्र कधी नव्हे इतके फुललेत.