‘वॉच’ म्हणजे राखण

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी यावलच्या नानांचे नाव घेतो. नाना आम्हाला इंग्रजी शिकवत. स्वतः मॅट्रिक, धोतर, काळी टोपी. माझ्या घरात माझ्याआधी कोणाला सहीसुद्धा येत नव्हती. मी बी.ए. झालो तो नानांमुळे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. इंग्रजी आठवीपासून सुरू होई, आणि सुरू होताच आम्ही सी, लुक आणि वॉच या तीन क्रियापदांत अडकलो. पुस्तकात तिन्हींपुढे ‘पाहणे’ एवढेच छापलेले. मी निबंधात लिहिले की माझे वडील दिवसभर ज्वारी ‘सी’ करतात. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“काय भो, तुझा बाप वावरातल्या माळ्यावर बसून ज्वारी नुसती पाहत राहतो? मग पाखरं कोण हाकलतं, मी?”

वर्ग हसला, मीही हसलो. नानांनी तिथेच सांगितले. पाखरांचा थवा आला, दिसला, ते सी. कोणी आरोळी दिली, मान वळवून पाहिले, ते लुक. आणि गोफण हातात घेऊन, पीक आणि पाखरू दोन्हींवर नजर ठेवून बसलास, ते वॉच. “वॉच म्हणजे राखण. समजलं का बठ्ठ्यांना?”

सगळ्यांना समजले. पुन्हा कोणी चुकला नाही.

मग शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी नेमके मला उभे केले आणि ‘वॉच’चा अर्थ विचारला. मी म्हणालो, “राखण, साहेब.” साहेब आमच्या बोलीचा हेल काढून म्हणाले, “काय मास्तर, ही शाळा शे का वावर शे?” सोबतचा कारकून फिदीफिदी हसला. पोरांच्या देखत! “अर्थ फळ्यावर लिहा, पाठ करून घ्या. शेतकी नको.” नाना खाली मान घालून “बरं, साहेब” म्हणाले. अजूनही ती मान आठवली की माझे डोके तापते. त्या साहेबांनी आम्हाला एक वाक्यसुद्धा करायला सांगितले नाही. सांगितले असते तर शेवटच्या बाकावरच्या मुलानेही बिनचूक केले असते.

बी.ए. झाल्यावर धुळ्याच्या एका शाळेत नोकरीसाठी नमुना पाठ द्यायला गेलो. नोकरी हुकली असती तर घरी जाऊन वडिलांबरोबर केळीच्या बागेत मजुरीला लागायचे, हे ठरलेले. मी नानांचाच पाठ दिला. मुले शहरातली, म्हणून ज्वारीऐवजी बाजारातल्या कापसाच्या गाड्या घेतल्या आणि गाड्यांपाशी बसलेला राखणदार घेतला. मुले भराभर वाक्ये करू लागली. मागच्या बाकावरून हेडमास्तर उठले.

“वा! अगदी आधुनिक पद्धत. कुठं मिळाली?”

आणि मी म्हणालो, “एका पुस्तकात वाचली होती, सर.”

नोकरी मिळाली. पण काय हा न्याय! धोतरातल्या मॅट्रिक माणसाने शिकवले तर ते वावर, आणि इस्त्रीच्या पँटमधल्या पदवीधराने तेच शिकवले तर आधुनिक! त्या साहेबांच्या नावाने मी इतकी वर्षे दात खाल्ले, आणि माझी वेळ आली तेव्हा मी नानांचे नावच गिळून टाकले. चार दिवस घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी नानांना हे पत्र टाकले.

“तीर्थस्वरूप नानांस,

साष्टांग नमस्कार. मला धुळ्यास नोकरी लागली. परंतु तुमची पद्धत मी पुस्तकातली म्हणून सांगितली. मी घाबरलो, दुसरे कारण नाही. आज हेडमास्तरांकडे जाऊन खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, ‘असू द्या हो, बाहेर बोलू नका. शाळेच्या कमिटीला पुस्तकच बरं वाटेल.’ मी ऐकले नाही. आठवीच्या वर्गात तुमचे नाव आणि गाव फळ्यावर लिहिले आणि म्हणालो, हा पाठ यांचा आहे. नोकरी टिकेल की नाही, ठाऊक नाही. एका मुलाने विचारले, ‘ते आम्हाला शिकवायला येतील का?’ नाना, येत्या सुट्टीत याल? गाडी कळवा, मी एसटी स्टँडवर उभा राहीन.

आपला विद्यार्थी”