नकाशातला खडा

सडक अर्जुनीच्या धाब्यावर आम्ही चौघे मित्र प्रतापगडाच्या जंगलात तंबू ठोकायचा बेत आखत होतो. शेजारच्या बाकावरचा म्हातारा उठला आणि कोणी न विचारताच काडीने मातीत नकाशा काढू लागला. मला हसूच आलं. टेकडी, नाला, पायवाट काढून झाल्यावर एका जागी त्याने खडा ठेवला.

"इथी नोका थांबू."

"काऊन?"

"माही बायको इथीच मोहफुलं येचून राहिली होती. माणूस वाकला का वाघाले जनावरच वाटते." जरा थांबून म्हणाला, "मी सावलीत बिडी ओढून राहिलो होतो."

नंतर तंबूचं नाव कोणी काढलं नाही. जाताना त्याने सगळा नकाशा पायाने पुसला. खड्याला मात्र पाय लागू दिला नाही.