हरभऱ्यातली तिपाई

पाणी जागेवर नव्हतं. दिवाळीत मी स्वतः येऊन हेरलेला नाथसागराचा काठ हाच, बाभळही तीच. पण पुढं लांबवर नुसता हिरवागार हरभरा. मुकुंदवाडीहून भल्या पहाटे गाडीत घालून आणलेले पुण्याचे पाहुणे माझ्या तोंडाकडं पाहत होते.

मी टूर गाईड. उभी हयात वेरूळच्या लेण्यांत गेली. लेणी काही जागची हलत नाहीत. धरणाचं पाणी हिवाळ्यात मागं सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात, हे मला कुठून ठाऊक असणार? बॉसनं बजावलं होतं, "करकोचे दिसले तर पक्ष्यांच्या सहली तुमच्या. नाही तर चिकलठाण्याला एअरपोर्ट पिकअप करा." लेण्यांच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, आणि नावाची पाटी धरून उभं राहायची मला या वयात लाज वाटत होती.

बांधाबांधानं पाण्यापर्यंत गेलो. करकोचा एकही नाही. पाहुण्यांतल्या डॉक्टर मॅडमनी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावली. तेवढ्यात शेतकरी नवरा-बायको धावत आले. मला वाटलं, आता शिव्या. तर त्यानं हात जोडले.

"साहेब, एवढं पीक निघू द्या."

"मामा, आम्ही पक्षी पाहायला आलोय."

"व्हय व्हय. पन मोजनी फुडच्या महिन्यात करा ना!"

बायको पाहुण्यांच्या हातात हरभऱ्याचे ढाळे कोंबत होती. पाहुणे खूश, मी बुचकळ्यात. कसली मोजणी?

त्याची नजर तिपाईवरून हलेना, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. धरणाखाली गेलेली जमीन सरकारची. तिच्यात पेरणाऱ्याला तिपाई म्हणजे मोजणीवाले. बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

"तुम्हीच बघा," म्हणत मी त्याला दुर्बिणीशी उभं केलं. त्यानं डोळा लावला, काठाकडून ती आपल्या वावराकडं फिरवली आणि ओरडला,

"आयला! करकोचे! माझा हरभरा खायलेत!"

आणि "हाऽड! हाऽड!" करत पळत सुटला. वावराच्या पार टोकाला बसलेला अख्खा थवा उठला आणि कलकलाट करत आमच्या डोक्यावरून गेला. मॅडमना कॅमेरा उघडायचंही सुचलं नाही.

"परत येतील ना?" त्यांनी विचारलं.

"मी हाये तवर नाय!" मामा लांबून ओरडले.

सहली मला मिळाल्या. आता तिपाई उघडण्याआधी मी वावराच्या मालकाला शोधून राम राम घालतो, कशाला आलो ते सांगतो. दुर्बीण मात्र त्याच्या हाती सगळ्यांत शेवटी देतो.