ताईंचा डावा कान

आमच्या घरात माणसांना तोटा नाही. जिन्यात एक न्यायाधीश आहेत, जेवणाच्या टेबलामागे नावाडी, झोपायच्या खोलीत नवरी, आणि बाथरूमच्या दाराशी एक सैनिक, ज्याला बघून पाहुणे आंघोळीला जायला कचरतात. सगळी ह्यांनी रंगवलेली. आणि सगळ्या माझ्या नणंदबाई.

चेहरे वेगवेगळे आहेत, पण खांदे ताईंचे, गुडघ्यावरचे हात ताईंचे, आणि मान तर ताईंचीच. त्यांना जाऊन वर्ष व्हायला आलं, तरी कपडे वाळत घालायला वर निघाले की जिन्यात माझी पावलं आपोआप हलकी पडतात.

हे चित्रकलेच्या शाळेतून बाहेर पडले तेव्हा माणसं रंगवणं जुनाट समजलं जायचं. बरोबरीचे सगळे चौकोन आणि ठिपके काढत होते, आणि त्यांचे चौकोन विकलेही जात होते. ह्यांनी हट्ट धरला, काढीन तर माणूसच. मॉडेल बसवायची ऐपत नव्हती. ताई तेव्हा शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायच्या. संध्याकाळी घरी यायच्या, हातपाय धुवायच्या आणि खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसायच्या. "आज दाढी आहे का मला?" एवढंच विचारायच्या.

ह्यांना गप्प राहून काम करता येत नाही. साप्ताहिकात ह्यांनी वर्षानुवर्षं चित्रकलेवर लिहिलं, ते सगळं आधी रंगवता रंगवता ताईंना ऐकवलेलं. "ताई, ऐक," म्हणून सुरुवात करायचे, आणि मग तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. लहानपणी ताईंचा उजवा कान फुटला होता, तो कायमचाच गेला. त्यामुळे त्या मान वळवून डावा कान पुढे करायच्या. आम्ही बाकीचे एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने सोडून देतो. ताईंना ती सोय नव्हती.

ह्यांचं नाव झालं ते त्या मानेमुळे. पहिल्या मोठ्या प्रदर्शनात समीक्षकांनी लिहिलं की ह्या चित्रकाराची माणसं चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी बघत असतात. ह्यांना ते इतकं आवडलं की स्वतःच त्यावर लांबलचक लेख लिहिला. आजचा माणूस समोरच्याला तोंड देऊ शकत नाही, त्याची नजर कुणाच्या तरी वाटेला लागलेली असते, वगैरे वगैरे. पुढे तो लेख चित्रकलेच्या वर्गांत शिकवायला लागले. ताईंनीही तो ऐकला, तसाच मान वळवून. मग स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या खांद्याला धरून हसत सुटल्या.

"अगं, वाट कसली? ह्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून वळते मी."

"मग सांगा की त्यांना."

"नको गं. बाळ्याचं नाव झालंय त्यावर."

ज्या भावाने जन्मापासून तो कान पाहिला, त्याला तो चित्रात दिसला नाही. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस दिसेनासं होतं, हे मी माझ्यावरूनही सांगू शकते. लग्न झाल्यापासून मला ह्यांनी एकदाही त्या खुर्चीत बसवलं नव्हतं. मला त्याचा राग होता, अजूनही थोडा आहे.

ताईंनी आयुष्यात भावाकडे एकच गोष्ट मागितली. एका भिकाऱ्याच्या चित्रासाठी बसून उठताना म्हणाल्या, "बाळ्या, एकदा माझं काढ. माझं म्हणून. समोरून. आणि काढताना बोलू नकोस."

"न बोलता काढलं तर मुकं होईल की चित्र," हे हसले. "काढू गं. पळून का चालली आहेस कुठे?"

थंडीच्या तोंडावर ताई आजारी पडल्या आणि गेल्या. चित्र राहिलं.

पुढे कलासंग्रहालयाने ह्यांच्या आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. ह्यांनी अट घातली, मधली भिंत ताईची. तिथे तिचं चित्र लागेल, समोरून काढलेलं, आणि पुस्तिकेतला लेखही मीच लिहीन. कबूल करून घरी आले आणि इथे घोडं अडलं. दरवेळी कॅनव्हासवर मान वळायची. खरवडायचे, पुन्हा काढायचे. चेहरा समोर यायचा, आणि रंग भरता भरता परत बाजूला गेलेला असायचा. फोटोवरून चित्रं काढणाऱ्यांची ह्यांनी लेखांतून बिनपाण्याने केली होती. तेही गिळलं आणि कपाटातले फोटो काढले. फोटोतसुद्धा ताई फोटोवाल्याला कान देऊन बसलेल्या. लेखाचं तर विचारूच नका. कागद पुढे ओढायचे, "ताई, ऐक" एवढं ओठांवर यायचं आणि पेन तिथेच थांबायचं.

"ती मला तोंड दाखवत नाहीये," एकदा म्हणाले. मलाही आता ह्यांच्या रंगकामाच्या खोलीत जायची भीती वाटायला लागली होती.

शेवटी एका सकाळी मला म्हणाले, "तू बसतेस का जरा? ताईचा स्वेटर घाल. मला फक्त खांद्यांचा उतार बघायचाय."

इतक्या वर्षांनी बोलावणं आलं, ते खांद्यांच्या उताराचं. तरी बसले. स्वेटरला अजून ताईंच्या केसांचा वास होता. खुर्ची एका बाजूने झिजलेली, त्यामुळे अंग उजवीकडे कलायचं. ह्यांनी काम सुरू केलं आणि सवयीने पुटपुटायलाही लागले. दातांत ब्रश, मध्ये कॅनव्हास. मग एकदम थांबले.

"मान का वळवलीस?"

"तुम्ही काहीतरी म्हणालात. ऐकू नाही आलं."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझे दोन्ही कान शाबूत आहेत, आणि माझी मान नेमकी ताईंसारखी वळली होती. ते माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं आणि अंगावर सरसरून काटा आला. आता मूग गिळून बसण्यात अर्थ नव्हता.

"ताई कुणाची वाट बघत नव्हत्या हो," मी म्हणाले. "उजव्या कानाने ऐकू यायचं नाही म्हणून डावा पुढे करायच्या. तुमचं ऐकत होत्या."

ह्यांनी ब्रश खाली ठेवला. उठून जिन्यातले न्यायाधीश पाहिले, नावाडी पाहिला, सैनिकासमोर तर बराच वेळ उभे राहिले. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना खरोखरच होते, आणि सगळे डावे.

"म्हणून म्हणाली होती, बोलू नकोस," परत येऊन म्हणाले. "मी जरा गप्प बसलो असतो, तर समोर बघितलं असतं तिने." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

त्यानंतरचं चित्र ह्यांनी अवाक्षर न काढता रंगवलं. मी रोज स्वेटर घालून बसायचे. पुरं झाल्यावर इझलच्या पलीकडे जाऊन पाहिलं, तर ताई. समोरून. दुपारी घरातले सगळे बाहेर गेले की सुईत दोरा ओवून, हात मांडीवर ठेवून नुसत्या बसायच्या, तशा. कुणी बोलत नसलं की तो चेहरा किती एकटा दिसायचा, ते मी नेहमी पाहिलं होतं. ह्यांनी कधीच नाही.

"अशी दिसायची ती?"

"तुम्ही गप्प असलात की, हो."

चित्र संग्रहालयात गेलं. हे मात्र गप्पच राहिले. तोंड उघडलं की सगळ्या ऐकतायत असं वाटतं, म्हणाले, आणि जेवतानासुद्धा बोलेनासे झाले. पुस्तिकेचा लेख राहिला तो राहिलाच. ज्या बडबडीला मी इतकी वर्षं कंटाळले होते, ती ऐकू यावी म्हणून माझा जीव कासावीस व्हायला लागला. मी भांडी मुद्दाम आदळायचे. आणि जिथे जावं तिथे भिंतीवरून कुणीतरी कान पुढे करून बसलेलं.

काल सकाळी भाजी परतता परतता मला राहवलं नाही.

"अहो, बोला काहीतरी," मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले. "किती ताटकळत ठेवणार आहात त्यांना?"

थोड्या वेळाने कागद ओढल्याचा आवाज आला. मग ह्यांनी घसा साफ केला.

"ताई, ऐक. त्या मानेबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं."

कढईची चरचर मध्ये येऊ नये म्हणून मी गॅस बंद केला.