अप्पांची फॅमिली

किस्से सांगितले की संपतात, न सांगितले की साठतात. लातूरच्या एका डाळ मिलच्या ऑफिसात मी बरीच वर्षं बसतो. संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारायची, "आज काय झालं मिलमध्ये?" आता कुणी विचारत नाही, म्हणून माझ्याकडं साठा मोठा आहे. त्यातले थोडे तुम्ही घ्या.

*

मिलचे मालक अप्पा एकदा हॉटेलातलं कसलंसं ट्रेनिंग करून आले. सगळ्यांना अंगणात जमवून म्हणाले, "आजपासून तुम्ही कामगार नाहीत. तुम्ही सगळे माझी फॅमिली!"

डाळ निवडणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आमच्याकडं माणसाची फॅमिली म्हणजे त्याची बायको. 'फॅमिली माहेरला गेलीय,' असं म्हणतात.

हमालांचे मुकादम रशीदभाई अदबीनं म्हणाले, "अप्पा, आमाला बी धरून का?"

*

पण अप्पांनी शब्द सोडला नाही. सुट्टीच्या वेळेला तुरीचा ट्रक आला की म्हणायचे, "घरचंच काम हाय, तेवढं उतरून घ्या." जास्तीची मजुरी अर्थातच नाही, घरच्या कामाची कसली मजुरी?

रशीदभाई म्हणाले, "अप्पा, घरच्या कामाला तर आमी घरी बी हात लावत न्हाई."

*

मग अप्पांनी पाटी लावली : 'हसतमुखाने काम करा.' लावली कुठं, तर जिथं डाळीची भुकटी इतकी उडते की सगळे नाकातोंडाला फडकं बांधतात, तिथं.

एकदा अप्पांनी डाळ निवडणाऱ्या कौसल्यामावशींना टोकलं, "मावशी, पाटी वाचली न्हाई का?"

"हसूनच राहिलोत की अप्पा. फडक्याच्या आत."

*

मिलमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. त्या रस्त्यापलीकडच्या बाभळीत जायच्या आणि जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायच्या. उन्हाळ्यात दोघी-तिघी चक्कर येऊन पडल्या. मावशी दरवर्षी संडास मागायच्या आणि अप्पा दरवर्षी म्हणायचे, "सीझन संपू द्या." सीझन काही संपेना.

त्याऐवजी कॅमेरे आले. अप्पा कौतुकानं म्हणाले, "आता मला बसल्या जागी समदं दिसतं."

मावशींनी विचारलं, "आमी पानी पिताना दिसलो का कवा?"



*

मग कुणीतरी पलीकडं प्लॉटिंग काढलं आणि एका दिवसात सगळी बाभळ तोडून तारेचं कुंपण घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं आणि थोड्या वेळानं मावशींनी सूप खाली ठेवलं. त्यांच्यामागं सगळ्याच बायका उठल्या. अप्पांचा बंगला मिलला लागूनच. गेटपासून थेट व्हरांड्यापर्यंत रांग लागली. काय होतंय ते बघायला मीही मागं गेलो.

अप्पांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. त्यांनी दार उघडलं. "काय झालं गं कौसल्या?"

"काई न्हाई अक्का. अप्पा म्हनले, तुमी माझी फॅमिली. म्हनून घरच्या संडासाला आलोत."

अक्कांनी रांगेकडं शेवटपर्यंत बघितलं. मग आत गेल्या आणि बाथरूमचं दार वाजवलं.

"अहो, आवरा लवकर. तुमच्या बाकीच्या फॅमिल्या आल्यात."